कँप्टोथेसीन व लक्ष्यगामी रासायनी चिकित्सा

कर्करोगावरील विषारी औषध शरीरभर पसरू न देता शक्य तितके रोगग्रस्त कोशिकांपर्यंतच पोहोचावे, या हेतूने ते एखाद्या वाहकात भरून किंवा वाहकाला जोडून देण्याच्या पद्धतीस लक्ष्यगामी रासायनी चिकित्सा म्हणतात. वसाद्रव्यांच्या सूक्ष्म पिशव्या, रक्तातील प्रथिने व प्रतिपिंडे यांचा वाहक म्हणून उपयोग होतो. या पद्धतीचा इतिहास सामान्यतः यूरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि तिच्या एका महत्त्वाच्या शाखेचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. कँप्टोथेसीन हे द्रव्य वनस्पतीतून प्रथम वेगळे करणाऱ्या गटातील एक प्रमुख शास्त्रज्ञ मनसुख वाणी हे मूळचे नंदुरबारचे. आणि याच द्रव्याचा एक समृद्ध नैसर्गिक साठा सह्याद्रीच्या रानांतील नरक्या या लहान वृक्षात आहे. हे द्रव्य माणसावर एकदा वापरून पाहून टाकून द्यावे लागले होते. ते का टाकावे लागले आणि कोणत्या वाटेने परत आले, हे पाहिले म्हणजे औषध नेमक्या ठिकाणी नेण्याची गरज का भासली, तेही कळते.

औषध नेमके रोगावर जाऊन पडावे, ही कल्पना जर्मन वैद्यक शास्त्रज्ञ पाउल एर्लिक (१४ मार्च १८५४–२० ऑगस्ट १९१५) यांची. काही रंजकद्रव्ये शरीरातील विशिष्ट कोशिकांनाच चिकटतात आणि शेजारच्या कोशिकांना रंगवीत नाहीत, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. रंग जर निवड करू शकतो, तर विषाने का करू नये, असा त्यांचा प्रश्न होता. अशा औषधाला त्यांनी ‘जादूची गोळी’ म्हटले. येथे गोळी म्हणजे बंदुकीची गोळी, औषधाची नव्हे. उपदंशावरील साल्व्हारसान हे त्यांचे औषध १९१० मध्ये वापरात आले. कर्करोगाच्या बाबतीत मात्र अडचण वेगळी होती. उपदंशाचा जंतू हा शरीराला परका जीव असतो. कर्करोगाची कोशिका रुग्णाच्याच शरीरातून उपजलेली असते. तिच्यात आणि निरोगी कोशिकेत विषाला ओळखता येईल असा फरक फार थोडा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मस्टर्ड वायूच्या वर्गातील संयुगांनी लसीका ग्रंथींची अर्बुदे आक्रसतात, असे दिसून आले आणि १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात नायट्रोजन मस्टर्ड प्रथमच रुग्णाला देण्यात आले. येथून आधुनिक रासायनी चिकित्सेला आरंभ झाला. तिचे तत्त्व एका अर्थी ओबडधोबडच होते. कर्ककोशिका झपाट्याने विभागतात, म्हणून विभागणाऱ्या कोशिकांना मारणारे विष द्यावयाचे. परंतु अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर आणि केसांची मुळे यांतील कोशिकाही सतत विभागत असतात. त्यामुळे रक्तातील पांढऱ्या कोशिका घटणे, अतिसार, तोंड येणे आणि केस गळणे हे परिणाम औषधाच्या क्रियेपासून वेगळे काढता येईनात. मात्रा वाढवावी तर रुग्ण औषधानेच दगावण्याची भीती, आणि कमी करावी तर अर्बुद दाद देत नाही, अशा कात्रीत ही चिकित्सा दीर्घकाळ राहिली.

कँप्टोथेसीनचा शोध एका वेगळ्याच शोधमोहिमेतून लागला. १९५०–६० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यातील रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल हे कॉर्टिसोन तयार करण्यास उपयोगी पडतील अशा स्टेरॉइडांसाठी देशोदेशीच्या वनस्पती तपासत होते. त्यांच्याकडील सुमारे हजार वनस्पतींचे अर्क अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने चाचणीसाठी मागवून घेतले. त्यांत कँप्टोथेका ॲक्युमिनेटा या चिनी वृक्षाच्या अर्काने उंदरांतील अर्बुदांवर ठळक परिणाम दाखविला. चीनमध्ये या वृक्षाला ‘आनंदवृक्ष’ अशा अर्थाचे नाव आहे. वॉल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि १९६२ मध्ये वाणी त्यांना येऊन मिळाले.

मनसुख वाणी यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ रोजी नंदुरबार येथे झाला. त्या काळी नंदुरबार हे पश्चिम खानदेश जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. मुंबई विद्यापीठाची एम्.एस्सी. पदवी १९५० मध्ये घेतल्यावर पुढे ते अमेरिकेस गेले व इंडियाना विद्यापीठातून १९६२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. वॉल-वाणी यांच्या गटाने १९६६ मध्ये कँप्टोथेसीन हे अल्कलॉइड व त्याची संरचना जाहीर केली. पाचच वर्षांनी, १९७१ मध्ये, याच गटाने पॅसिफिक यू या सदाहरित वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल हे दुसरे द्रव्य वेगळे केले. कर्करोगावरील दोन सर्वस्वी भिन्न औषधवर्गांचे मूळ एकाच प्रयोगशाळेतून निघावे, अशी उदाहरणे औषधांच्या इतिहासात विरळाच. वाणी यांचे नाव असे असूनही महाराष्ट्रात फारसे परिचित नाही.

उंदरांतील रक्ताच्या कर्करोगावर कँप्टोथेसीन इतके प्रभावी ठरले की, १९७० च्या सुमारास त्याच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या. मात्र ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि नीलेतून द्यावयाचे औषध विरघळलेले असावे लागते. यावर तोड म्हणून रेणूतील लॅक्टोन नावाचे वलय अल्काच्या साहाय्याने उघडून त्याचे विद्राव्य सोडियम लवण बनविण्यात आले व तेच रुग्णांना देण्यात आले. परिणाम निराशाजनक झाला. अर्बुदे क्वचितच आणि थोड्या काळापुरती आक्रसली. उलट तीव्र अतिसार, अस्थिमज्जेची हानी आणि मूत्राशयाचा रक्तस्रावी दाह यांनी रुग्ण हैराण झाले. १९७२ मध्ये चाचण्या थांबविण्यात आल्या.

या अपयशाची मीमांसा पुष्कळ वर्षांनी पुरी झाली. कँप्टोथेसीनचे लॅक्टोन वलय बंद असेल तेव्हाच ते परिणामकारक असते. रक्त किंचित अल्कधर्मी असते. त्यात हे वलय उघडते आणि उघडलेल्या रूपाला मानवी रक्तातील अल्ब्युमीन हे प्रथिन घट्ट धरून ठेवते. उंदराचे अल्ब्युमीन ही पकड तितकी घट्ट ठेवत नाही. त्यामुळे उंदरांतील निष्कर्ष माणसाला लागू पडले नाहीत. उलट मूत्र बहुधा अम्लधर्मी असते. मूत्राशयात पोचल्यावर तेच वलय पुन्हा मिटे आणि जेथे त्याचे काहीच काम नव्हते, अशा ठिकाणी विष जागे होई. औषध निष्प्रभ होते असे नव्हे. ते अर्बुदाकडे जाताना निजलेले आणि मूत्राशयात जागे असे होते. कर्करोगाच्या औषधाला गुणाइतकीच वाटही महत्त्वाची असते, हे दाखविणारे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

चाचण्या थांबल्या त्याच वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात टी. आर्. गोविंदाचारी व एन्. विश्वनाथन् यांनी मॅपिया फीटिडा या भारतीय वनस्पतीत कँप्टोथेसीन आणि त्याचे एक सजातीय अल्कलॉइड असल्याचे प्रसिद्ध केले. हीच वनस्पती नरक्या होय. तिचे शास्त्रीय नाव आता नोथॅपोडायटिस निम्मोनियाना असे आहे (कुल – आयकॅसिनेसी). ‘फीटिडा’ म्हणजे दुर्गंधी. फुलांच्या घाणेरड्या वासामुळे हे नाव पडले, आणि मराठी नावातील नरकाचा उल्लेखही त्याच कारणाने आला असावा असे मानतात. गंमत अशी की, याच झाडाला काही भागांत अमृता असेही म्हणतात. निम्मोनियाना हे नाव मुंबईतील हौशी वनस्पतिज्ञ जोसेफ निम्मो यांच्यावरून आहे. टपाल खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी मुंबई व परिसरातील वनस्पतींची जी सूची रचली, ती त्यांच्या मृत्यूनंतर निम्मो यांनी पुरी केली व ती १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. या झाडाची पहिली शास्त्रीय नोंद त्या सूचीतच आहे.

नरक्या हा सह्याद्रीच्या अधिक पावसाच्या रानांत वाढणारा लहान वृक्ष असून तो श्रीलंकेत व ईशान्य भारतातही आढळतो. त्याचे खोड, मुळे व साल यांत कँप्टोथेसीनचे प्रमाण चांगले असते व ते काढून घेणेही तुलनेने सोपे असते. परंतु १९७२ मध्ये या माहितीचा व्यावहारिक उपयोग काहीच नव्हता, कारण ज्या औषधाचा हा साठा होता ते औषधच मोडीत निघाले होते.

हे चित्र १९८५ मध्ये पालटले. कोशिका विभागण्यापूर्वी डीएनएच्या गुंडाळलेल्या दुहेरी धाग्यास पडलेले पीळ सोडवावे लागतात. त्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे एंझाइम एक धागा क्षणभर तोडते व पीळ सुटताच पुन्हा सांधते. कँप्टोथेसीन नेमके या तुटलेल्या अवस्थेत अडकून बसते व सांधा जुळू देत नाही, असे लेरॉय ल्यू व त्यांचे सहकारी यांनी दाखविले. इतर कोणतेही परिचित औषध या एंझाइमावर अशा रीतीने क्रिया करीत नव्हते. त्यामुळे टाकून दिलेल्या रेणूकडे औषधकंपन्या पुन्हा वळल्या. वलय न उघडता पाण्यात विरघळतील अशी त्याची दोन अनुजात द्रव्ये, टोपोटेकान व इरिनोटेकान, १९९६ पर्यंत अमेरिकेत मान्यता पावली. पैकी इरिनोटेकान जपानमध्ये तयार झाले होते. ते शरीरात गेल्यावर त्यापासून एस्‌एन-३८ नावाचे द्रव्य बनते व खरी मारक क्रिया तेच करते. एस्‌एन-३८ इरिनोटेकानच्या शेकडो पट प्रभावी आहे. परंतु ते विद्राव्य नाही आणि इतके जहाल आहे की, मोकळे देता येत नाही. त्याला वाहकाची गरज होती.

वाहकांचा विकास तोपर्यंत स्वतंत्रपणे चालू होता. इंग्लंडमधील ॲलेक बँगहॅम यांनी १९६४-६५ च्या सुमारास असे दाखविले की, विशिष्ट वसाद्रव्ये पाण्यात मिसळली असता आपोआप पोकळ सूक्ष्म पिशव्या बनवितात. त्यांना लायपोसोम हे नाव मिळाले. ग्रेगरी ग्रेगोरिआडिस यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यांत औषधे भरण्याचे प्रयोग केले. जपानमध्ये मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ मध्ये असे निदर्शनास आणले की, अर्बुदातील नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती विरळ असतात आणि त्यांतून मोठे रेणू बाहेर झिरपून अर्बुदातच साचून राहतात. निरोगी ऊतकांतील भिंतींतून असे कण सहसा जात नाहीत. याच तत्त्वावर डॉक्सोरुबिसीन हे औषध सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाच्या लायपोसोमांत भरून १९९५ मध्ये अमेरिकेत वापरात आले. मोकळे डॉक्सोरुबिसीन हृदयाच्या स्नायूला इजा करते. पिशवीत बंद केल्याने ती इजा पुष्कळ कमी झाली. अमेरिकेत २०१२ मध्ये या औषधाची तीव्र टंचाई झाली, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मा कंपनीने बनविलेले लायपोसोमयुक्त डॉक्सोरुबिसीन तात्पुरत्या परवानगीने तेथे आयात करण्यात आले. (याच कंपनीचा औषधी मूलद्रव्ये बनविणारा एक कारखाना अहमदनगर येथे असून तो तिने १९९६ मध्ये नोल कंपनीकडून घेतला होता.)

टॅक्सॉलचीही कथा अशीच. तेही पाण्यात विरघळत नाही. ज्या तैलयुक्त द्रावकात ते प्रारंभी देत, त्याने काही रुग्णांना तीव्र वावडे येई. २००५ मध्ये ते अल्ब्युमिनाच्या सूक्ष्म कणांना बांधून देण्याची पद्धत मान्य झाली. ज्या प्रथिनाने कँप्टोथेसीनचा घात केला, तेच प्रथिन वाणी यांच्या दुसऱ्या औषधाचे वाहन बनले. इरिनोटेकानही २०१५ मध्ये लायपोसोमांत भरून स्वादुपिंडाच्या कर्करोगावर वापरात आले. पिशवीच्या आत असेपर्यंत त्याचे लॅक्टोन वलय सहसा उघडत नाही.

लायपोसोम अर्बुद ओळखत नाही. तो केवळ तेथे झिरपतो. ओळखण्याचे काम प्रतिपिंड करू शकते. फ्रान्समध्ये झॉर्झ माते व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्येच मेथोट्रेक्सेट हे औषध प्रतिपिंडांना जोडून उंदरांवर प्रयोग केला होता. परंतु प्राण्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे सरमिसळ असत. एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तितकी बनविण्याची रीत केलर व मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली, आणि त्यानंतर हा मार्ग खरोखर खुला झाला. तरीही पहिले प्रतिपिंड-औषध संयुग २००० मध्ये आले, २०१० मध्ये मागे घ्यावे लागले आणि मात्रा बदलून २०१७ मध्ये पुन्हा आले. अडचण बहुधा जोडाची असे. प्रतिपिंड व विष यांना सांधणारा दुवा रक्तात टिकला पाहिजे आणि कोशिकेत शिरल्यावर मात्र तुटला पाहिजे. लवकर तुटला तर विष सर्वत्र सांडते, आणि तुटलाच नाही तर कोशिकेला काही होत नाही.

या ठिकाणी कँप्टोथेसीन कुळाची दुसऱ्यांदा निवड झाली. जपानी कंपनीने विकसित केलेले ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकान हे संयुग डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्यातील प्रतिपिंड स्तनाच्या काही कर्ककोशिकांवर विपुल असलेल्या हर-२ या प्रथिनाला चिकटते. प्रत्येक प्रतिपिंडाला कँप्टोथेसीनच्या अनुजाताचे सुमारे आठ रेणू एका छोट्या पेप्टाइड दुव्याने जोडलेले असतात. कोशिका हे संयुग आत ओढून घेते. तेथील पाचक एंझाइमे दुवा कापतात आणि विष मोकळे होते. ते कोशिकापटलातून पाझरून शेजारच्या, हर-२ नसलेल्या कर्ककोशिकांनाही मारते. एप्रिल २०२० मध्ये सॅसिटुझुमॅब गोविटेकान हे दुसरे संयुग मान्य झाले. ते स्तनाच्या अशा कर्करोगावर आहे की, ज्यात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन यांचे ग्राही नसतात आणि हर-२ प्रथिनाचे आधिक्यही नसते. भारतातील रुग्णांत हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळतो. या संयुगातील विष म्हणजेच मोकळे देता न येणारे एस्‌एन-३८. वाणी यांचे निधन त्याच महिन्यात झाले. कँप्टोथेसीन व टॅक्सॉल यांच्या शोधाबद्दल त्यांना व वॉल यांना २००० साली केटरिंग पारितोषिक मिळाले होते.

लक्ष्यगामी या शब्दाचा अर्थ मात्र जपून घ्यावा लागतो. नॅनोकणांवरील दहा वर्षांच्या प्रायोगिक निष्कर्षांचा आढावा २०१६ मध्ये घेण्यात आला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी अर्बुदात पोहोचणारा भाग मध्यक मूल्याने जेमतेम ०.७ टक्का असल्याचे दिसले. प्रतिपिंड-संयुगांचीही स्थिती निर्धोक नाही. सॅसिटुझुमॅब गोविटेकानने अतिसार होतो व पांढऱ्या कोशिका घटतात. १९७२ च्या चाचण्यांतील जुन्याच तक्रारी त्या. डेरुक्स्टेकानने काही रुग्णांच्या फुप्फुसांना दाह होतो व तो क्वचित प्राणघातक ठरतो. एर्लिक यांच्या गोळीपेक्षा नेम पुष्कळ सुधारलेल्या छर्‍याची उपमा या औषधांना अधिक शोभेल.

टोपोटेकान व इरिनोटेकान यांची मागणी वाढू लागली तेव्हा नरक्यावर संकट ओढवले. ही औषधे कँप्टोथेसीनपासूनच बनवितात व ते प्रामुख्याने झाडांतून मिळते. सह्याद्रीच्या रानांत झाडे बुंध्यापासून, कित्येकदा मुळांसकट काढून त्यांचे तुकडे वाळवून विकले जाऊ लागले. गोळा करणाऱ्याच्या हाती पडणारा दर आणि औषधाची अंतिम किंमत यांचे प्रमाण सांगण्यासारखे नाही. महाराष्ट्राच्या दक्षिणेकडील घाटांतून चोरट्या तोडीची प्रकरणे वनखात्याने अनेकदा पकडली, परंतु झाड लहान व वाढ मंद असल्याने एकदा उघडा पडलेला भाग लवकर भरून येत नाही. लागवड, ऊतकसंवर्धन असे पर्याय तपासण्यात आले. २००५ मध्ये जम्मू येथील संशोधकांनी नरक्याच्या आतील ऊतकांत राहणारी एक कवक स्वतःही कँप्टोथेसीन बनविते, असे प्रसिद्ध केले व मोठी आशा निर्माण झाली. परंतु अशा कवकांची क्षमता प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढविताना घटत जाते, असा अनुभव पुढे आला. झाडाला पर्याय म्हणून त्यांच्यावर विसंबता आलेले नाही.

हे सारे संशोधन ज्या रुग्णापर्यंत जावयाचे त्याची बाजू उरते. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कमल रणदिवे (८ नोव्हेंबर १९१७–११ एप्रिल २००१) यांनी ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली व कर्ककोशिका शरीराबाहेर वाढवून अभ्यासण्याची परंपरा या देशात रुजविली. निवृत्तीनंतर त्यांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या आदिवासी भागातील मुलांच्या पोषणाची पाहणी केली आणि भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या वतीने तेथील गावांत स्त्री स्वयंसेविकांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. काचपात्रातील कोशिका आणि गावातील दवाखाना यांमधले अंतर त्यांच्याइतके थोड्याच शास्त्रज्ञांनी स्वतः चालून पाहिले असेल.

लक्ष्यगामी औषधांनी हे अंतर एका बाबतीत वाढविले आहे. साध्या रासायनी चिकित्सेला अर्बुदाचे स्थान व प्रकार कळला तरी बहुधा भागते. प्रतिपिंड-संयुग देण्यापूर्वी मात्र अर्बुदाचा तुकडा नीट जतन करून त्यावरील लक्ष्य-प्रथिनाचे प्रमाण मोजणे अनेकदा आवश्यक असते. हर-२ चे प्रमाण रंजनाच्या गडदपणावरून शून्य ते तीन अशा श्रेणीत ठरवितात. पूर्वी केवळ तिसऱ्या श्रेणीच्या व जनुकचाचणीत होकारार्थी ठरलेल्या दुसऱ्या श्रेणीच्या रुग्णांना हर-२ वरील औषधे देत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत डेरुक्स्टेकान हे एक व दोन या खालच्या श्रेणींतील, पूर्वी ‘हर-२ नाही’ असे म्हणून सोडून दिलेल्या रुग्णांनाही उपयोगी पडते, असे सिद्ध झाले. त्यामुळे शून्य आणि एक यांमधील फिकट रंगाचा भेद, ज्याकडे आधी कोणी फारसे लक्ष देत नसे, तो आता उपचार ठरवितो. तालुक्याच्या गावी काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किती वेळ राहिला, यावरही हा रंग बदलू शकतो. शिवाय या संयुगांच्या एका मात्रेचा खर्च बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी आजही अधिकांश रुग्णांना मिळते ती जुनी, शरीरभर पसरणारी रासायनी चिकित्साच होय.